हात दे, उचलू नको

भालकीच्या आमच्या जुन्या घराला अर्धे माळवद होते आणि अर्ध्यावर पत्रे. १९७२ च्या मे महिन्यातल्या एका संध्याकाळी पश्चिमेकडून आभाळ असे काळे होऊन आले की दिवेलागणीच्या आतच घरात अंधार झाला. वळिवाची आम्हाला सवय होती. आधी धूळ, मग थेंब, मग गारा, आणि तासाभरात पुन्हा चांदणे, असा त्याचा रिवाज. त्या दिवशी मात्र वारा थांबायचे नाव घेईना. गल्लीतल्या कडब्याच्या गंजी उलगडून पेंढ्या कागदासारख्या उडत होत्या. पहिला पत्रा उडाला तेव्हा त्याचा आवाज कडाडणाऱ्या विजेपेक्षा मोठा झाला.

पत्र्याच्या खोलीत माझा चुलतभाऊ निजलेला होता. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणत असू. आमच्या भागात मराठी घरांतही थोरल्या भावाला दादा म्हणण्यापेक्षा अण्णा म्हणण्याचीच रीत जास्त. कानडी शेजाराने दिलेल्या ज्या गोष्टी आम्ही कधी परत केल्या नाहीत, त्यांतली ही एक. अण्णा फौजेत होता. डिसेंबर १९७१ च्या लढाईत शकरगडच्या बाजूला सुरुंगावर पाय पडला आणि उजवा पाय गुडघ्याखालून गेला. पुण्याला उपचार होऊन, तात्पुरता लाकडी पाय घेऊन तो रजेवर घरी आला होता. कायमचा पाय बसवायला पुन्हा जायचे होते.

मी तेव्हा वीस वर्षांचा, उदगीरला कॉलेजात शिकत होतो आणि अंगात ताकद होती. दुसरा पत्रा उडाल्यावर मी धावत आत गेलो, अण्णाच्या काखेत हात घातले आणि त्याला पाठुंगळी घ्यायला लागलो. ओल्या शेणाच्या जमिनीवर माझा पाय सरकला आणि दोघेही आपटलो. त्याचा दुखरा पाय माझ्याखाली आला. ओरडला नाही. थोडा वेळ दात खाऊन पडून राहिला आणि मग म्हणाला,

"हात दे. उचलू नको."

मला राग आला होता. आपण जीव वाचवायला आलो आणि हा माणूस अटी घालतो आहे असे वाटले. त्या रात्री पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. पण त्या चार शब्दांचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली, आणि तो कळला तो इतिहासाच्या वाटेने. म्हणून हा लेख.

पुढे मी शाळेत इतिहास शिकवू लागलो. आमच्या गावाला इतिहास कमी नाही. धनाजी जाधवांचा मुलगा चंद्रसेन सातारकरांशी बिनसल्यावर निजाम-उल-मुल्काकडे गेला आणि त्याला भालकीची जहागीर मिळाली, हे मुलांना सांगताना त्यांचे डोळे चमकत. किल्ल्याच्या खंदकावर रोज बकऱ्या चारणाऱ्या पोरालाही आपण काहीतरी मोठ्या जागी राहतो असे वाटे. पुढे निजामाचे राज्य, १९४८ ची पोलीस कारवाई, १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्ह्याची झालेली वाटणी. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण इकडे राहिले. हे सगळे शिकवायला सोपे होते, कारण त्यात सनावळ्या होत्या. पण कोणत्याही लढाईचा धडा संपला की माझ्या मनात एक प्रश्न राही. "या लढाईत इतके ठार व इतके जखमी झाले" या वाक्यातले ठार संपले, पण जखमींचे दुसऱ्या दिवशी काय झाले? तिसऱ्या महिन्यात काय झाले? आमच्या पाठ्यपुस्तकांत जखमी माणूस पूर्णविरामापाशी नाहीसा होतो.

या प्रश्नाची एक वाट अण्णानेच दाखवली. कायमचा पाय बसल्यावर तो काही महिने पुण्याजवळच्या खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत शिवणकाम शिकला. अपंग झालेल्या जवानांना धंदेशिक्षण देणारी ही जागा. तिथल्या एका वृद्ध कारागिराने त्याला सांगितले होते की ही शाळा मुळात "बसऱ्याहून आलेल्यांसाठी" निघाली. अण्णाला बसरा म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. सुट्टीत आला तेव्हा त्याने मला विचारले, आणि मलाही नीट सांगता आले नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही शरमेची गोष्ट. तेव्हापासून मिळेल ते वाचत गेलो.

बसरा म्हणजे आजच्या इराकचे बंदर. पहिल्या महायुद्धात नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून फौज तिथे उतरली. या फौजेचा कणा होता सहावी डिव्हिजन, आणि तिचे नावच 'पुणे डिव्हिजन'. तिच्या तीन ब्रिगेडींत एकेक मराठा पलटण होती, १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांची. म्हणजे बगदादच्या वाटेवर तैग्रिस नदीच्या काठाने जी माणसे चालली होती, त्यांतली कित्येक रात्री आपापसांत आपल्याच भाषेत बोलत होती. सेनापती टाऊनशेंड नदीकाठाने वर सरकत गेला, आणि २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे तुर्कांशी मोठी गाठ पडली. त्या तीन-चार दिवसांत हिंदी-ब्रिटिश फौजेचे साडेचार हजारांच्या आसपास लोक मेले किंवा घायाळ झाले. लढणाऱ्या फौजेच्या जवळजवळ निम्मे.

तोफा किती लागतील याचा हिशेब झालेला होता. दाण्यागोट्याचा, बऱ्यावाईट का होईना, झालेला होता. जखमी किती होतील याचा अंदाज मात्र काही शेकड्यांचा. आले हजारांनी. त्यांना रणांगणावरून नदीपर्यंत न्यायला होत्या त्या सामान वाहायच्या, खेचरांच्या, बिनस्प्रिंगच्या दुचाकी गाड्या. मांडीचे हाड मोडलेला माणूस त्या गाडीत घालून ढेकळांवरून मैलोन् मैल नेणे म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. ज्याने नांगरलेल्या रानातून बैलगाडी हाकली आहे त्याला ते कळेल. धक्के बसू नयेत म्हणून काही जखमींनी मेलेल्या सोबत्यांची प्रेते अंगाखाली घेतली होती, अशी नोंद आहे. ही नोंद मी वर्गात कधी सांगितली नाही.

नदीवर पुढचा प्रवास. इस्पितळाच्या बोटी नव्हत्याच. रसद नेऊन परत येणाऱ्या आगबोटींवर आणि त्यांना बांधलेल्या लोखंडी पडावांवर जखमी ओळीने निजवले. वर छप्पर नाही, खाली अंथरूण नाही, शौचाची सोय नाही, थंडी आणि पाऊस. 'मेजिदिया' नावाची अशीच एक बोट डिसेंबरच्या सुरुवातीला बसऱ्याला लागली, तेव्हा तिथल्या 'व्हरेला' या इस्पितळ-जहाजाचा प्रमुख मेजर कार्टर आपल्या जहाजावर उभा होता. इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर. दुरून त्याला वाटले बोटीच्या कडेने दोर लोंबत आहेत. जवळ आल्यावर ते दोर नव्हेत हे दिसले. हलता न येणाऱ्या शेकडो माणसांनी कित्येक दिवस जिथल्या तिथे केलेली विष्ठा बोटीच्या कडेवरून ओघळून वाळली होती. कार्टरने आपल्या वरिष्ठांना लेखी कळवले. त्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली नाही, इस्पितळ-जहाज काढून घेण्याची धमकी मिळाली. पण त्याचा कागद फाटला नाही. तो पुढे चौकशी आयोगापर्यंत गेला, १९१७ मध्ये आयोगाचा अहवाल छापला गेला, आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना त्या वर्षीच्या जुलैत राजीनामा द्यावा लागला. एका डॉक्टरने डोळे मिटले नाहीत एवढ्यावर हे घडले.

टेसिफॉनहून मागे हटलेली पुणे डिव्हिजन कुत-अल-अमारा या गावात वेढली गेली. तिला सोडवायला खालून दुसरी फौज निघाली. जानेवारी १९१६. या महिन्यात तिकडे पावसाळा आणि हिवाळा एकत्र असतात. काळ्या रानात मृगानंतर बैल रुततो तसा तिथला गाळ घोट्याघोट्याने वर चढतो. २१ जानेवारीला हन्ना नावाच्या ठिकाणी या फौजेने तुर्की खंदकांवर सरळ हल्ला केला. बाजूला नदी आणि दलदल असल्यामुळे वळसा घालायला जागा नव्हती. हल्ला फसला आणि त्याच दिवशी आभाळ फाटले. बर्फासारखा वारा आणि धो धो पाऊस, तो रात्रभर. सुमारे सत्तावीसशे लोक पडले. त्यांतले जिवंत होते ते उघड्या मैदानात, पाण्यात, चिखलात. दुसऱ्या दिवशी त्यांना उचलण्यासाठी तात्पुरता तह मागावा लागला. गोळीने न मेलेले कित्येक त्या रात्री गारठून मेले.

वादळ आणि जखमी सैनिक यांचे हे वैर जुने आहे. १४ नोव्हेंबर १८५४ ला क्रिमियात बालाक्लावाच्या बंदराबाहेर असेच तुफान झाले आणि हिवाळ्याचे कपडे घेऊन आलेले 'प्रिन्स' हे जहाज खडकांवर आपटून बुडाले. पुढे तिकडे स्कुटारीला फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या वॉर्डांत जी माणसे भरत गेली त्यांत थंडीने आणि रोगाने खचलेल्यांचा भरणा मोठा होता. साठ वर्षांनंतर त्याच साम्राज्याला तोच धडा पुन्हा गिरवावा लागला. असो.

पण त्या २१ जानेवारीच्या दिवसात आणखीही काही आहे, आणि त्यासाठीच मी इतके लांबवर आलो. कांगडा जिल्ह्यातला लाला नावाचा एक डोग्रा लान्स नायक त्या मैदानात होता. त्याला शत्रूच्या खंदकांच्या अगदी जवळ एक घायाळ अधिकारी दिसला. त्याला ओढत त्याने एका तात्पुरत्या आडोशाला आणले, मलमपट्टी केली. तेवढ्यात उघड्यावरून त्याच्याच पलटणीच्या अॅडज्युटंटची हाक आली. लाला सरपटत त्याच्यापाशी गेला. पाठीवर घेऊन परत येतो म्हणाला. त्याला तशी परवानगी मिळाली नाही. मग त्याने काय केले? अंगातले कपडे काढून त्या जखमी माणसावर घातले आणि अंधार पडायच्या बेतापर्यंत त्याच्याशेजारी पडून राहिला. त्या वाऱ्यात, त्या पावसात. अंधार पडल्यावर त्याने आधी पहिल्या अधिकाऱ्याला खंदकात पोचवले, मग स्ट्रेचर घेऊन दुसऱ्याला आणले. लालाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आठच दिवस आधी, १३ जानेवारीला, वादीच्या लढाईत भोपाळ पलटणीच्या छत्ता सिंगाने असेच केले होते. जखमी कमांडिंग ऑफिसरभोवती हाताशी असलेल्या अवजाराने माती उकरून आडोसा केला आणि उघड्या बाजूला स्वतःचे शरीर ठेवून रात्र पडेपर्यंत, पाच तास, तो तिथे राहिला. आणि हन्नाच्याच दिवशी कॅप्टन सिंटन हा डॉक्टर, दोन्ही हातांना आणि कुशीला गोळ्या लागलेल्या असताना, उजेड असेपर्यंत जखमींना बघत हिंडत होता. हाच सिंटन पुढे हिंदुस्थानात हिवतापाच्या संशोधनासाठी प्रसिद्ध झाला.

लाला आणि छत्ता सिंग, दोघांनीही वाचवले ते साहेब अधिकाऱ्यांना. याचा अर्थ शिपायाने शिपायाला वाचवले नाही असा मुळीच नाही. पदकाची शिफारस लिहायला लिहिणारा लागतो. शिपायाशेजारी रात्रभर पडून राहिलेल्या शिपायाचा कागद कोण लिहिणार? बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून अधिक लोकांची स्मृती आहे. गोऱ्या शिपायाचे तिथे नाव कोरले. हिंदी शिपायांचे पलटणीवार फक्त आकडे. मेलेल्यांची ही गत, तर मेलेल्याला शेवटी पाणी पाजणाऱ्याची काय असणार.

मला मात्र लालाच्या गोष्टीतली एक बारीक जागा फार मोलाची वाटते. तो उचलायला गेला होता. उचलता येत नाही हे कळल्यावर तो परत फिरला नाही, जवळ राहिला. आपल्याकडे शौर्याची कल्पना खांद्यावर घेण्याची आहे. अहमदनगर जिल्ह्यातला आपला नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीतून आणि पुढच्या सुरुंगांच्या पट्ट्यातून एकामागून एक दोन जखमींना घेऊन आला, त्याचे चित्र डोळ्यांपुढे लगेच उभे राहते. त्याबद्दल त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण खांद्यावरून उतरवल्यानंतरचे चित्र कुणी काढत नाही.

आणि खरे काम उतरवल्यानंतरच सुरू होते. मेसोपोटेमियाचे जखमी जहाजांनी मुंबईला येत. मुंबईत जिथे जागा मिळेल तिथे इस्पितळे उघडली होती. काळ्या घोड्याजवळचे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे तेव्हा नुकतेच बांधून झालेले होते. त्यातही लष्करी इस्पितळ होते. संग्रहालय म्हणून ते १९२२ मध्ये खुले झाले. सहलीला मुलांना तिथे नेले की मी त्यांना आधी मूर्ती दाखवीत नसे. घुमटाखाली उभे करून म्हणे, इथे खाटा होत्या. मुले भोवती पाहत आणि आवाज आपोआप खाली येई.

हात-पाय गेलेल्या या लोकांची जखम भरली, पुढे? शेतकऱ्याचा मुलगा एक पाय घेऊन शेतात काय करणार? १९१७ मध्ये गव्हर्नरपत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग शिपायांसाठी धंदेशिक्षणाची शाळा निघाली, आणि पुढे ती खडकीला गेली. अण्णाने पाहिलेली ती हीच. माझ्या मते बसऱ्याच्या त्या साऱ्या कर्दमातून जे थोडे चांगले उगवले त्यातली ही एक गोष्ट. सरकारला यात दया किती आणि पेन्शन वाचवण्याचा हिशेब किती हा वाद कुणी घालू शकेल. शिकणाऱ्याच्या हातात मात्र धंदा आला.

या सगळ्यात भाषेचे काय झाले असेल, हा सीमाभागातल्या माणसाला हटकून पडणारा प्रश्न. १९१४-१५ मध्ये इंग्लंडातल्या ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी जखमींसाठी इस्पितळ होते. तिथल्या पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत होत्या. मराठी नव्हती. कण्हायला भाषा लागत नाही, पण "इथे नाही, जरा खाली दुखते" हे सांगायला लागते.

मी हे पुण्यात डोळ्यांनी पाहिले. १९७२ च्या मार्चमध्ये परीक्षा आटोपून अण्णाजवळ राहायला गेलो होतो. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचे, दुसऱ्या महायुद्धाच्या जखमींसाठी सुरू झालेले. १९७१ ची लढाई नुकतीच होऊन गेली होती, आणि एक पाय, एक हात, दोन्ही पाय गेलेली विशी-पंचविशीतली मुले तिथे इतकी होती की माझ्या दोन पायांची मलाच लाज वाटे. पहिले काही दिवस मी अण्णाचे सगळे करायचा प्रयत्न केला. पाणी दे, चप्पल दे, कुबडी दे. चप्पल एकच लागते हेही विसरून दोन्ही घेऊन जायचो. एक दिवस तिथल्या केरळी वॉर्डबॉयने मला मोडक्या हिंदीत बाजूला घेतले. म्हणाला, तू याला लवकर घरी नेणार आहेस की कायमचा इथे ठेवणार आहेस?

कृत्रिम पाय ही वस्तू पायासारखी नसते, ती नवीन शेजाऱ्यासारखी असते. आधी उरलेल्या भागाला दिवसातून कितीदा तरी पट्टी आवळून बांधायची, म्हणजे सूज उतरून त्याला आकार येतो. मग तात्पुरता पाय. दोन लांब दांड्यांच्या मध्ये उभे राहायचे, दोन्ही हातांनी दांड्या धरायच्या आणि वजन हळूहळू नव्या पायावर सोडायचे. पहिल्या दिवशी चार पावले. दुसऱ्या दिवशी कातडी सोलली म्हणून एकही नाही. चालताना माणूस खाली बघतो, कारण जमीन पायाला कळत नाही. शिकवणारा सारखा सांगतो, समोर बघ. आणि पडायचे कसे हेही शिकवतात, पडल्यावर उठायचे कसे हे तर आधी. उठताना कुणी काखेत हात घातला तर सगळा तोल त्याच्या हाती जातो. एक हात नुसता आधाराला समोर धरला तर तोल उठणाऱ्याकडेच राहतो. हे मी तिथे रोज पाहत होतो आणि तरी मे महिन्यात वादळात विसरलो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला अपंगांचे ऑलिंपिक झाले. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर तिथे पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात पहिले आले. भारताला पॅरालिंपिकमध्ये मिळालेले हे पहिले सुवर्णपदक. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले होते. पोहणे सुरू झाले ते उपचाराचा भाग म्हणून. आमच्या भालकीला ही बातमी तेव्हा आली नाही. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अण्णा वारलेला होता. असता तर पेटी बंद करून दिवसभर दुकानात पेपर वाचत बसला असता.

होय, दुकान. खडकीहून आल्यावर अण्णाने स्टेशनच्या वाटेवर शिवणाचे यंत्र टाकले. पायाने चालवायचे यंत्र. लोकांनी हाताचे घे म्हणून सांगितले, त्याने ऐकले नाही. डाव्या पायाने पायटा मारायचा आणि उजवा, लाकडाचा, त्यावर नुसता ठेवायचा. पेन्शनच्या कागदांसाठी मात्र त्याला फार हिंडावे लागले. शाळा त्याची निजामाच्या दिवसांत सुरू झालेली, त्याला मराठी आणि थोडी उर्दू वाचता येई. कागद एकतर इंग्रजीत नाहीतर कानडीत. एका कचेरीत तर दरवर्षी पाय अजून नाही ना, याचा दाखला मागत. शेजारच्या लिंगायत घरातला मुलगा त्याला कानडी अर्ज लिहून देई आणि अण्णा त्याच्या सदऱ्याची शिलाई घेत नसे. दोघांचेही जन्मभर जमले. सीमेचा प्रश्न आमच्या गल्लीत असा सुटलेला होता, वर्तमानपत्रांत तो अजून चालू आहे.

आता ती वादळाची रात्र.

"हात दे, उचलू नको" म्हटल्यावर मी अंधारात हात पुढे धरला. अण्णाने आधी चाचपडत पाय शोधला. लाकडी पाय पाण्यात तरंगत भिंतीपाशी गेला होता, तो मी आणून दिला. पट्टे ओले झाले होते, बक्कल लागेना. डोक्यावरून वारा आणि गारा चालल्या होत्या आणि हा माणूस बक्कल लावत बसला होता. मी ओरडलो असेन. त्याने ऐकले नाही. मग माझ्या मनगटाला धरून उठला आणि निघाला. खोलीच्या दारापासून शेजारच्या घराच्या दारापर्यंत चौदा पावले होती. नंतर मी ती मोजली आहेत. मध्ये दोनदा थांबला. समोर बघत होता, खाली नाही.

शेजारच्या अक्का दार उघडून, हातात कंदील धरून उभ्या होत्या आणि वाऱ्यावर आवाज चढवून बोलावीत होत्या, "ओळग बर्री, ओळग बर्री." त्यांचे घर पक्क्या माळवदाचे, लाल दगडाचे. आमची आज्जी आधीच तिथे पोचली होती.

मध्यरात्री पाऊस ओसरला आणि अण्णाला कळा सुरू झाल्या. नसलेल्या पावलात. तळव्याला कुणी खिळा ठोकते आहे असे तो म्हणत होता. याला आता डॉक्टरांच्या भाषेत नाव आहे. अमेरिकेतल्या यादवीनंतर वेअर मिशेल नावाच्या डॉक्टरने ते दिले. त्या रात्री आम्हाला काही ठाऊक नव्हते. आज्जी रडायला लागली. तिला वाटले पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. मीही घाबरलो होतो.

अक्कांना मराठी समजे, बोलत त्या कानडीच. त्यांनी अण्णाला विचारले, कुठे दुखते, नेमके दाखव. अण्णाने हात लांब करून गुडघ्याच्या पलीकडे, सतरंजीवरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवले. अक्का उठल्या. चुलीत विस्तव होता, त्यावर एक वीट तापवली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली आणि अण्णाने बोट ठेवले होते त्या रिकाम्या जागेवर आणून ठेवली. वर आपल्या हाताने हलकेच दाबून धरली.

थोड्या वेळाने अण्णा म्हणाला, "जरा डावीकडे."

त्यांनी वीट जरा डावीकडे सरकवली. आणि तो झोपला.

सकाळी आमचा एक पत्रा किल्ल्याच्या खंदकात सापडला, दुसरा सापडलाच नाही.